दातांचा काळा डाग आणि तोंडातला पांढरा चट्टा
सदर : घर आणि आरोग्य



हसताना पदर किंवा हाताचा तळवा तोंडावर धरणाऱ्या बायका आपल्या वस्तीत काही थोड्या नाहीत. पूर्वी त्याला कुणी लाजरेपणा म्हणे, कुणी वळण म्हणे. खरे कारण पुष्कळदा दातांवरचे डाग हे असते. खारदांड्याहून खार, पाली हिल, वांद्रे इथल्या घरांत कामाला जाणारी बाई असो, लिंकिंग रोडच्या दुकानात उभे राहणारी मुलगी असो किंवा मुलाखतीला निघालेला बारावी पास मुलगा असो, दातांचा प्रश्न आता पोटापाण्याशी येऊन भिडला आहे. लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढायचा तर फोटोवाला सांगतो, "जरा हसा." आणि मुलगी ओठ मिटून घेते.

मग उपायांचा शोध सुरू होतो. कुणी लिंबू चोळायला सांगते, कुणी कोळशाची काळी पेस्ट आणते, कुणी मोबाइलवर जाहिरात बघून जांभळी पेस्ट मागवते. महिन्याच्या पगारातले पाचशे-हजार रुपये असे जातात आणि डाग जिथल्या तिथे राहतात. याचे कारण एकच. डाग कशाचा आहे हे न बघताच आपण औषध घेतो. कपड्यावर तेलाचा डाग असेल तर एक उपाय, गंजाचा असेल तर दुसरा, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. दातांचेही तसेच आहे.

दात मुळात किती पांढरा असतो?

आधी एक गैरसमज दूर करू. निरोगी दात कागदासारखा पांढराफटक नसतो. दाताच्या वरचे कवच, ज्याला डॉक्टर एनॅमल म्हणतात, ते शरीरातले सर्वांत कठीण द्रव्य आहे. पण ते बरेचसे पारदर्शक असते. त्याच्या आत डेंटिन नावाचा पिवळसर थर असतो आणि त्याचा रंग कवचातून बाहेर दिसतो. वय वाढते तसे कवच झिजते आणि आतला पिवळेपणा अधिक दिसू लागतो. म्हणून पन्नाशीच्या बाईचे दात विशीच्या मुलीइतके पांढरे दिसत नाहीत, आणि त्यात आजार काही नाही. सिनेमातल्या नट-नट्यांचे दात पुष्कळदा वरून बसवलेल्या पातळ पापुद्र्यांचे असतात. त्यांच्याशी आपल्या दातांची तुलना करण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. हे कवच एकदा झिजले की पुन्हा उगवत नाही. हाड मोडले तर सांधते, जखम भरते, पण एनॅमल परत येत नाही. त्यामुळे दात घासून घासून पांढरे करण्याचा प्रत्येक उपाय या कसोटीवर तपासून घ्यायला हवा.

डाग वरचा की आतला?

डागांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला, वरून बसलेला. चहा, विडी-सिगारेट, पान, कात, गुटखा आणि मशेरी यांचे डाग वरून बसतात. हे पिवळे, तपकिरी किंवा काळे असतात आणि दातांच्या मागच्या बाजूला, दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला जास्त दिसतात. त्यांच्या जोडीला किटण असते. लाळेतला क्षार दातांवरच्या चिकट थरात बसून दगडासारखा कडक होतो, ते किटण. ते ब्रशने निघत नाही.

लहान मुलांना रक्तवाढीसाठी लोहाचे पातळ औषध देतात, त्यानेही दातांवर काळसर छटा येते. हा डागही वरचाच असतो आणि डॉक्टरकडे साफ होतो. त्यासाठी औषध बंद करू नये. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडावे आणि नंतर चूळ भरायला लावावी.

दुसरा प्रकार, आतून आलेला डाग. आपल्यापैकी पुष्कळांची गावे विदर्भात, मराठवाड्यात आहेत. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरी सोय नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणी, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, दात आत तयार होत असताना पोटात गेले, तर दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग कायमचे उमटतात. त्या माणसाने कितीही दात घासले तरी ते निघत नाहीत. "दात घासत नाही का?" असा टोमणा अशा माणसाला मारणे अन्यायाचे आहे. मुंबईच्या नळाला तलावांचे पाणी येते, त्यामुळे इथेच वाढलेल्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही.

गरोदरपणी आईला किंवा आठ वर्षांखालच्या मुलाला टेट्रासायक्लिन जातीची औषधे दिली गेली, तर दातांवर करड्या-पिवळ्या आडव्या पट्ट्या येऊ शकतात. मार लागून आतून मेलेला दात एकटाच काळा पडतो. आणि दाताच्या मधोमध किंवा फटीत काळा ठिपका असेल, तर ती कीड असू शकते. तिथे पांढरे करण्याचा विचार सोडून आधी दात भरून घ्यावा.

मशेरीचा डाग

आता आपल्या घरांतल्या सर्वांत जुन्या डागाकडे येऊ. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात ही चाल पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि गावाहून मुंबईला येताना ती आपल्याबरोबर आली. आजीने लावली, आईने लावली, दाढ दुखली म्हणून मुलीला चिमूटभर दिली. पाहता पाहता सकाळची एक वेळ दुपारची झाली, मग रात्रीची झाली.

मशेरी लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही, ही यातली खरी मेख आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "तंबाखू खाता का?" तर ती मनापासून सांगते, "नाही." कारण तिच्या लेखी ते दात घासणे आहे. पण तंबाखू चघळली काय आणि हिरडीला चोळली काय, तिच्यातले निकोटिन तोंडाच्या कातडीतून रक्तात जाते. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके जड होते, कामात लक्ष लागत नाही, असे बायका सांगतात. हे खोटे नसते. ती निकोटिनची सवय असते. तिला दातांची स्वच्छता म्हणता येणार नाही.

सरकारलाही हे कळले होते. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण दुकानातून साधी तंबाखू आणून घरच्या तव्यावर भाजणाऱ्या बाईला कुठला कायदा अडवणार? तिथे आपले आपणच शहाणे व्हावे लागते.

पुणे जिल्ह्यात संशोधकांनी १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली होती. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधी दिसणारे चट्टे यांचा तंबाखूशी असलेला संबंध त्यातून पुढे आला. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया बहुतेक मशेरीवाल्याच होत्या. त्यांच्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त आढळले. म्हणजे आईच्या दातांना लावलेली चिमूट पोटातल्या बाळापर्यंत पोचते.

भ्यायचे कशाला?

दातांवरचा काळा डाग आपण रोज आरशात बघतो आणि त्याची लाज वाटून घेतो. पण तो डाग दाताच्या वर असतो, तो काढता येतो, त्याने जीव जात नाही. खरी काळजी करायची ती गालाच्या आत, हिरडीवर, जिभेच्या कडेला दिसणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याची. मशेरी जिथे रोज लागते तिथली कातडी जाड होते, पांढुरकी होते. दुखत नाही, म्हणून कुणी बघत नाही. असा प्रत्येक चट्टा कर्करोग होतो असे नाही. पण काहींचा होतो, आणि कुठल्याचा होणार हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. लाल, मखमलीसारखा चट्टा तर अधिकच धोक्याचा. दिलासा एवढाच की तंबाखू सोडली तर यातले पुष्कळ चट्टे कमी होतात किंवा नाहीसे होतात.

म्हणून महिन्यातून एकदा घरातल्या प्रत्येक तंबाखूवाल्या माणसाने खिडकीच्या उजेडात आरसा घेऊन आपले तोंड तपासावे. हात स्वच्छ धुवावेत. दोन्ही ओठ उलटून बघावेत. गाल बोटाने बाजूला ओढून आतून बघावे. जीभ वर करून तिच्याखाली आणि दोन्ही कडांना बघावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, गाठ, कारण नसताना रक्त, गिळताना अडचण यांतले काही दिसले तर थांबू नये. गुटखा-सुपारी खाणाऱ्या तरुण मुलांनी आणखी एक गोष्ट बघावी. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर आतली कातडी ताठरत चालली आहे असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

घरात आरसा सुनेने धरावा, सासूने बघावे. नातीने म्हणावे, "आजी, आ कर बघू." यात लाजण्यासारखे काही नाही.

घरचे उपाय : कुठले बरे, कुठले वाईट

लिंबू दातांवर चोळू नये. त्यातले आम्ल कवच विरघळवते. चोळल्यावर दात थोडा वेळ उजळ वाटतो, पण तो खरखरीत होतो आणि पुढे डाग आणखी लवकर धरतो. चिंच, व्हिनेगर यांचेही तेच. राखुंडी, विटेची भुकटी, मीठ आणि कोळसा यांनी वरचा डाग खरवडला जातो, पण त्याबरोबर कवचही. आणि कवच झिजले की आतला पिवळा थरच अधिक दिसणार. म्हणजे पांढरे करता करता दात पिवळे होतात, वर थंड पाणी प्यायले की कळ येते. कोळशाची पेस्ट महाग असली म्हणून ती वेगळी ठरत नाही. जांभळी पेस्ट दातांवर निळसर रंगाचा हलका हात फिरवते, पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात तशी. काही तासांत तो रंग धुऊन जातो.

खाण्याचा सोडा किंचित खरवडतो, फार इजा करत नाही, पण रोज वापरू नये आणि लिंबाबरोबर तर मुळीच नको. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून मऊ करून वापरली तर वाईट नाही, पण जोराने ओढली तर हिरडी सोलते.

खरा घरचा उपाय अगदी साधा आहे. मऊ ब्रश, फ्लोराइड असलेली साधी पेस्ट, सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटे. जोर लावायचा नाही. चहा, पान, जेवण यांनंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता अर्धा तास थांबावे. ब्रशचे केस वाकले की तो बदलावा. एका घरात एकच ब्रश दोघांनी वापरू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

रस्त्याच्या कडेला पाटी मांडून पाच मिनिटांत दात चमकवून देणाऱ्यांपासून दूर राहावे. त्यांतले काहीजण दातांना आम्ल लावतात. चमक येते ती कवच जळाल्याची.

डॉक्टरकडचे उपाय

चहा, तंबाखू, मशेरी, पान यांच्या डागांना पहिला उपाय म्हणजे दात साफ करून घेणे. यंत्राच्या बारीक कंपनाने डॉक्टर किटण सोडवतात आणि नंतर पॉलिश करतात. बहुतेकांना एवढ्यानेच दातांचा मूळ रंग परत दिसतो, आणखी खर्च लागत नाही. साफ केल्याने दात हलतात, फटी पडतात, असे आपल्याकडे घरोघर सांगतात. तसे होत नाही. फटीत भरलेले किटण निघाले की फट दिसू लागते, एवढेच. उलट किटण तसेच राहिले तर हिरडी आणि तिच्याखालचे हाड खचते आणि मग दात खरोखरच हलू लागतात.

साफ करूनही दात पिवळेच वाटले, तर ब्लीचिंग नावाचा उपाय आहे. पेरॉक्साइडचे औषध कवचातून आत जाऊन रंगद्रव्य फिके करते. एक प्रकार दवाखान्यात बसून करायचा. दुसऱ्या प्रकारात डॉक्टर दातांच्या मापाचा पातळ साचा करून देतात, त्यात सौम्य औषध घालून तो रात्री लावायचा. हा रात्रीचा उपाय १९८९ पासून दंतवैद्यकात रूढ आहे आणि त्याला सहसा दोनेक आठवडे लागतात. त्या काळात दात शिवशिवतात, हिरडी चुरचुरते, पण ते बहुधा थोडे दिवस टिकते. अठरा वर्षांखालील मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा उपाय टाळावा. कीड आणि हिरडीचा आजार आधी बरा करून घ्यावा. भरलेल्या दाताचा किंवा बसवलेल्या टोपीचा रंग याने बदलत नाही, हेही आधी माहीत हवे. आणि ब्लीचिंग कायमचे नसते. मशेरी चालूच राहिली तर हे पैसे पाण्यात गेले असे समजावे. हीच औषधे दुकानातून किंवा मोबाइलवरून मागवून मनाने वापरू नयेत. युरोपातही ०.१ टक्क्याहून जास्त पेरॉक्साइडची औषधे फक्त दंतवैद्याच्या हातून सुरू करण्याचा नियम आहे.

फ्लोराइडच्या डागांना वेगळा उपाय लागतो. सौम्य डाग असतील तर डॉक्टर वरचा अगदी पातळ थर औषधाने घासून काढतात. गडद असतील तर दाताच्या रंगाचा लेप किंवा पापुद्रा बसवतात. मेलेल्या काळ्या दाताची आधी मुळापर्यंतची सफाई करून मग त्याला आतून उजळता येते.

खर्चाचे काय? आधी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात चौकशी करावी, ते जवळ आहे. मोठ्या कामासाठी मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे. खार रोडहून चर्चगेटची धीमी गाडी थेट तिथे जाते. शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे, त्यासाठी खार रोडहून हार्बरची गाडी पकडून सीएसएमटीला उतरावे. तिथे शिकणारे डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण काम नीट होते आणि खासगी दवाखान्याच्या मानाने खर्च फारच कमी. केसपेपर सकाळी लवकर काढावा. तोंडात चट्टा असेल तर केसपेपर काढतानाच तसे सांगावे. डॉक्टरांनी परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी दिली तर घाबरून घरी बसू नये. लवकर गेलेला माणूस बरा होऊन येतो.

मशेरी सोडताना

पन्नास वर्षांची सवय सुटायला वेळ लागतो. "उद्यापासून सोड" असे ओरडून काही होत नाही. आधी किती वेळा लावतो ते मोजावे. दुपारची वेळ पहिली बंद करावी, मग रात्रीची, शेवटी सकाळची. त्या त्या वेळी ब्रश आणि पेस्ट हातात घ्यावी, म्हणजे हाताला काम मिळते. बडीशेप किंवा लवंग जवळ ठेवावी. पोट साफ व्हायला सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी. पहिला आठवडा चिडचिड होईल, डोके दुखेल. त्या आठवड्यात घरातल्यांनी सांभाळून घ्यावे. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोन सेवाही आहे, १८००-११-२३५६. ज्या घरात सून गरोदर आहे, तिथे मशेरीचा डबा आजच बाहेर जावा. आणि दाढ दुखते म्हणून मुलीच्या बोटावर मशेरी कधीही देऊ नये. सवय तिथूनच लागते.

सारांश एवढाच. दातांसाठी हातात शंभर रुपये असतील तर ते ब्रश-पेस्टवर खर्च करावेत. एक दिवसाची रजा असेल तर ती दात साफ करून तोंड तपासून घेण्यासाठी वापरावी. ब्लीचिंगचा विचार त्यानंतर, आणि मशेरी सुटल्यावर. येत्या रविवारी विहारात महिला मंडळ जमेल तेव्हा हा विषय जरूर काढावा. कुणाकुणाला तोंडात चट्टा आहे ते एकमेकींना विचारावे आणि चौघी-पाचजणींनी मिळून एकाच दिवशी रुग्णालयात जावे. एकटीला वाटते ती भीती पाचजणींना वाटत नाही.